ढकलगाडीसाठी फळी

दुबईच्या खाडीवर होडीची वाट पाहत दोघे रत्नागिरीकर माझ्या पुढे उभे होते. एक ट्रकवाला, दुसरा गलबतं बांधणारा सुतार.

"लियाकतभाय, ती सागाची फळी दे मला."

"खैरुद्दीन, चार वर्षं खाटेखाली जपलीय ती. गावी जाऊन माझी होडी बांधायचीय."

"तेव्हा दुसरी मिळेल. मला शुक्रवारी हवी. छोट्या ट्रकच्या तोंडाला फळी ठोकायची, वर काथ्याचा दोर गुंडाळायचा. झाली ढकलगाडी."

"ढकलणार कुणाला?"

"साहेबांच्या शर्यतीच्या गाड्यांना. त्यांना स्टार्टर नसतो. मातीच्या ट्रॅकवर मागून रेटल्याशिवाय सुरू होत नाहीत."

"म्हणजे गोरे पळणार, कप घेणार, आणि तू त्यांच्या ढुंगणाला धक्का देणार? लाज वाटत नाही?"

"वाटते. पण ऐक तर. पुढची गाडी सुरू झाली की तिची थरथर फळीतून माझ्या हातात येते. एवढी धूळ उठते की रस्ता दिसत नाही, साहेब दिसत नाही. ट्रक पाण्यावर चालल्यासारखा वाटतो."

"तू कधी ढकललीस?"

"रोज. झोपेत."

"आणि मग?"

"मग ब्रेक मारून बाजूला व्हायचं. तसाच नियम आहे."

"झोपेतही ब्रेक मारतोस?"

"नाही. झोपेत मी साहेबाच्या बाजूने पुढे निघतो."

"यल्ला, यल्ला!" होडीवाला ओरडला. आम्ही बसलो. अर्धी खाडी ओलांडेपर्यंत लियाकत पाण्यात हात सोडून बसला होता.

"फळी घेऊन जा," तो म्हणाला. "पण शुक्रवारी ब्रेक मारलास, तर तीच तुझ्या डोक्यात घालीन."