देव सोडून माणसं काढली

वर्तमानपत्रात छापायचं म्हणता, तर लिहून घ्या, माझा जन्म कल्याणचा. खाडीकडे जाताना आमची चिताऱ्यांची चार घरं होती, त्यांतलं एक आमचं, बाप चितारी, आजा चितारी, आणि आम्ही बायका म्हणाल तर रंग घोटणाऱ्या. पुरुषाने रंगवायचं, बाईने घोटायचं, असंच चालत आलेलं. तांबडी हिरमिजी घोटा, पिवळी पेवडी घोटा, नीळ घोटा, डिंक भिजत घाला, दिव्यावर मातीचं परळ उपडं धरून काजळी धरा, आणि भिंत रंगून झाली की लोक म्हणायचे, काय हात आहे हो बुवांचा! तळव्याची सालं निघायची ती आमच्या, पण ती कोणाला दिसायची नाहीत. बापाची नजर उतरली तेव्हा वेलबुट्टीचं बारीक काम तो हळूच माझ्याकडे द्यायचा, आई दारात उभी राहायची, कोणी आलं की खोकायची, की मी कुंचला टाकून खल ओढायला बसायची. आईला खोकला नव्हता, पण शेजारणी तिला काढे आणून द्यायच्या आणि ती बिचारी ते पिऊन टाकायची.

नवव्या वर्षी लग्न झालं, मोठी झाल्यावर ठाण्याला नांदायला आले. आमचे हे स्वभावाने गरीब. देवाचा चेहरा त्यांनी काढावा, पण जनावराचा पाय काही साधायचा नाही, मग हत्तीची सोंड त्यांची आणि पाय माझे. ठाण्यात त्या वेळी जेवढे हत्ती पायांवर नीट उभे दिसले तेवढे माझे समजा. लग्नघराची भिंत कशी असायची ते सांगते, कारण पुढे सगळं तिच्यावरच आलं. दारावर गणपती, दोन अंगांना हत्ती, आणि दाराच्या उजव्या हाताला कलश घेतलेली सवाशीण. ती सवाशीण म्हणजे घरच्या लक्ष्मीची जागा, ती चुकवायची नाही.

मग पटकीची साथ आली आणि हे गेले. सकाळी माझ्याजवळ पाणी मागितलं आणि दिवे लागायच्या आत गेले. मी तेव्हा वीस-बावीसची असेन, मूलबाळ नव्हतं. बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. आमच्यात पूर्वी विधवेचा पाट लागायचा, दुसरं लग्न व्हायचं, माझ्या मावशीचा लागला होता, पण आमच्या लोकांना आता मोठ्यांच्या पंगतीला बसायची हौस सुटली होती, म्हणून पाट बंद. केस तेवढे राहिले, विधवेचं डोकं भादरायची नक्कल अजून आमच्यापर्यंत पोचायची होती.

तेरावं झालं आणि जातीचे पंच बसले. नारायणभावजींनीच बसवले, माझ्या दिरांनी, कारण मी हातात कुंचला धरते हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. निवाडा असा झाला की विधवेच्या हातचा देव लग्नघराला अपशकुन, तेव्हा हिने देव काढायचे नाहीत, हत्ती काढायचे नाहीत, कलश नाही, सवाशीण नाही. मी पडद्याआडून विचारलं, आणि रंग घोटू का? तर म्हणाले, घोट की, घोटायला काय हरकत आहे. ऐका! रंग माझ्या हाताने घोटलेला चालतो आणि तोच रंग माझ्या हाताने भिंतीला लागला की घर बुडतं. हे तुम्ही मोठ्या अक्षरांत छापा. आत्ता तुम्ही लाल होऊन म्हणालात, तिथल्या तिथे त्यांच्या तोंडावर थुंकायचं होतं. थुंकले असते हो, पण दुसऱ्या दिवशी त्याच घरात भाकरी खायची होती ना.

दोन-अडीच वर्षं घोटत बसले. एक दिवस बायजा आली. कळव्याच्या खाली खाडीला लागून मिठागरवाल्या आगऱ्यांचं गाव आहे, तिथली. उंच बाई, उन्हाने रापलेली, टाचांना मिठाने भेगा पडलेल्या. तिच्या लेकीचं लग्न होतं आणि भावजींनी यायला नाही म्हणून सांगितलं होतं. पंचांचा निवाडा तिच्याही कानावर गेला होता, ती परसदारी मला म्हणाली, तुजा दीर येत नाय, आमच्या भिंतीनं त्याचा हात मलतो, मंग तू ये गो. म्हटलं, बाई, मी विधवा आहे. ती हसायलाच लागली, म्हणाली, मी पन रांडच हाय, नवरा मेल्याला धा वर्सां झाली, माज्या हातचा मीठ आलणी लागतं का कुनाला? त्या मिठाशिवाय तुज्या पंचांचा घास तरी गिलायचा काय?

म्हटलं, मला देव काढायची बंदी आहे. तर म्हणते, मंग देव नको काढू, देव आमच्या घरान हायेत, ते कंय जात नाय. आमाना काढ.

काय सांगू तुम्हाला, मी रात्रभर तेच दोन शब्द मनात घोळवत होते. आमाना काढ. माणसं काढायची नाहीत असं पंच म्हणालेच नव्हते, कारण माणसं कोणी भिंतीवर काढतं हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. सकाळी रंगाच्या पुड्या पदरात बांधल्या आणि निघाले. भावजी ओरडले, कुठे चाललीस? म्हटलं, माणसं काढायला. त्यांना वाटलं मला वेड लागलं.

पण गंमत अशी की माणूस काढायला कोणी शिकवलेलंच नाही. देवाला चार हात कुठे असतात ते ठाऊक, आणि टोपली डोक्यावर घेतलेल्या बाईची मान कशी असते ते ठाऊक नाही. म्हणून चार दिवस नुसती मिठागरात जाऊन बसले. बायका लांब दांड्याच्या फळीने मीठ ओढतात, तेव्हा पाठ आधी वाकते की गुडघे, डोक्यावर टोपली असताना हसायला आलं तर कशा हसतात, ते बघितलं. मग भिंत धरली. मिठाच्या राशींना रंगच लागला नाही, भिंतीचा चुना कोरा सोडला आणि भोवती खाडीची नीळ भरली, की राशी आपोआप वर आल्या.

आणि लोक बघायला आले तर हीऽ झुंबड. बग गो, ही तर मंजुला, कामाच्या वक्ताला कंबरेवर हात ठेवून उभी, भिंतीवर पन तशीच! मंजुला माझ्यावर धावून आली, मना वाकलेली काढ गो, माजी सासू बगल. एक म्हातारा होता, त्याने खाडीच्या पुलावरून जाणारी आगगाडी जन्मभर बघितली पण आत कधी बसला नव्हता, तो म्हणाला, मना बसव तुज्या गाडीन, तिकीट नाय ना लागत? बसवला त्याला खिडकीपाशी. तो रोज येऊन स्वतःला बघून जायचा.

मग बोलावणी येत गेली, खाडीकाठची गावं, पार आंबिवलीपर्यंत. भाताची आवणी करणाऱ्या बायका, होडीतून मीठ भरणारे, विहिरीवरची भांडणं, पोराच्या डोक्यातल्या उवा काढणारी आई, सगळं लग्नाच्या भिंतीवर. तांदूळ द्यायचे, सुकट द्यायचे. आमच्यात मासळी चालायची नाही, तेव्हा ती सुकट मी खायची नाही, पण परत कशी करणार, हळूहळू खायला लागले, आवडायलाही लागली. ते नका छापू. बरं छापा, आता काय.

असं बरीच वर्षं चाललं आणि मग बायजाच्या धाकट्या लेकाचं लग्न निघालं. लग्न नवऱ्याच्या दारात लागायचं होतं, नवरीकडचे शहाडहून नवरी घेऊन यायचे होते. भिंत अर्थात माझी. सगळी भरली आणि दाराच्या उजव्या हाताची जागा उरली. इतर घरांत मी तिथे केळ काढायची, मोर काढायची, वेळ मारून न्यायची. त्या दिवशी मनात आलं, घरच्या लक्ष्मीची जागा ना ही? मग या घरची लक्ष्मी कोण? नवरा मेल्यावर चार पोरं वाढवली कोणी, हे घर मिठाच्या टोपल्यांवर उभं केलं कोणी? कलशाची बंदी होती, मी कलश काढलाच नाही. बायजा काढली. डोक्यावर मिठाची टोपली, कपाळ कोरं, जशी आहे तशी. माझ्या मनात बंड वगैरे काही नव्हतं हो, मला ते बरोबर वाटलं, बस.

नवरीकडचे लोक वाजतगाजत आले आणि दारात थांबले. ती माणसं आगरीच, पण शेती वाढलेली, घरी भटजी यायला लागलेला. नवरीचा मामा पुढे झाला, भिंतीकडे बघितलं, बायजाकडे बघितलं, आणि वाजंत्री बंद करवली. म्हणाला, सवासनीच्या जाग्यावर रांडव? ह्या दारातशी आमची पोर आत जायची नाय. कोणी म्हणालं, अरे मामा, तिच्याच पोराचं लगीन हाय. तो म्हणाला, म्हनूनच. आणि त्याने माणूस धाडून ठाण्याहून आमच्या भावजींना आणि पंचांना बोलावून घेतलं. ते वाटच बघत होते म्हणा ना, चुन्याची बादली बरोबर घेऊनच आले.

नवरी केवढी, दहा-अकरा वर्षांची, मुंडावळ्या डोळ्यांवर आलेल्या, उन्हात उभी. तिला कोणी पाणीसुद्धा विचारलं नाही, सगळे शकुन-अपशकुनात.

भावजी म्हणाले, वहिनी, आपल्या हाताने पुसा, आणि सगळ्यांसमोर कुंचला टाकल्याची शपथ घ्या, पंच पदरात घेतील. नाही घेतली तर जातीबाहेर. मी बायजाकडे बघितलं. तिचा लेक बोहल्यापाशी खाली मान घालून. लग्न मोडलं तर त्या पोराला आणि त्या उन्हातल्या पोरीला जन्मभर बोट दाखवतील. मी म्हटलं, बायजा, काय करू? ती म्हणाली, पूस गो, मी काय भिंतीवर जेवते?

पुसली. माझ्या हाताने चुना मारला. आधी टोपली, मग कपाळ, मग डोळे. डोळ्यांवर हात अडला तेव्हा बायजाच मागून म्हणाली, मार, मार, पोरगी उन्हान हाय.

मग शपथेची वेळ आली. मी म्हटलं, पंचहो, तुम्ही देव काढू नको म्हणालात, मी एकही काढला नाही. आता शपथ घ्यायची तर देवाच्या नावाने घ्यायची, आणि त्याचा माझा संबंध तुम्हीच तोडलात. मी शपथ कोणाच्या नावाने घेऊ? भावजी तांबडे झाले. तिथल्या तिथे वाळीत टाकलं मला. पाणी बंद, विस्तव बंद, मेले तर खांदा बंद. भावजींनी उरलेला चुना माझ्या रंगांच्या करवंट्यांवर ओतला आणि गेले. इकडे वाजंत्री सुरू झाली आणि लग्न लागलं.

मी त्या रात्री बायजाच्याच पडवीत पडून राहिले, जाणार कुठे. सकाळी मामाची मंडळी पोटभर जेवून शहाडला गेली. त्यांची पाठ वळली मात्र, बायजा माझ्यापुढे हजर, हातात हिरमिजीचा खडा, कुठून आणला देव जाणे. म्हणाली, उठ गो, काढ आता. म्हटलं, काय काढू? म्हणाली, मना. सून घरान आयली, लगीन लागला, आता कोन बाहेर काढतं तिला?

बाई गं, मी इतकी हसले, इतकी हसले, आणि हसता हसता रडले. त्याच जागी पुन्हा काढली. नवी सून उंबऱ्यात बसून बघत होती, आल्यापासून एक शब्द बोलली नव्हती, ती पहिलं वाक्य बोलली ते हे की, सासूबायचा नाक येवढा मोठा नाय. लहान केलं.

तेव्हापासून मी याच गावात आहे. बायजा गेली, देवाने तिला बरी जागा दिली असेल. तिची सून आता मला दोन वेळा जेवायला हाक मारते. माझं काम बघायला आलात, पण जुनं काही सापडायचं नाही, पावसाने भिंती फुगतात, नवा गिलावा होतो, नवं लग्न निघतं, पुन्हा काढायचं. मला त्याचं वाईट वाटत नाही. माणसंही बदलतात ना. खांद्याचं म्हणाल तर या गावची चार पोरं म्हणतात, आजे, तू मर तर खरी, बघ आमी कशी नेतो. म्हटलं, मेल्यांनो, घाई नाही.

आता गेल्याच महिन्यातलं सांगते आणि पुरे. भावजी वारले, त्यांचा मुलगा दामू काम बघतो. तो आला अंधार पडल्यावर, तोंड पंच्यात लपवून. म्हणाला, काकू, ठाण्यात एका मोठ्या घरचं लग्न आहे, त्यांनी कुठेतरी तुमची भिंत पाहिली, त्यांना तसली माणसं हवीत, मला साधत नाहीत. गणपतीसुद्धा तुम्हीच काढा. रात्री या, मी दिवा धरतो, कोणाला कळायचं नाही, नाव माझं राहील.

ज्या हाताने घर बुडणार होतं तो हात रात्री चालतो! तुम्ही मुठी आवळू नका, पोर वाईट नाही, आमच्याच घरातलं, घाबरट आहे एवढंच. मी त्याला जेवू घातलं. म्हटलं, दामू, येते की, गणपती काढते, माणसं काढते, दाम नकोत. पण दिवसा बोलाव. पंचांच्या देखत, लोकांच्या देखत, काकू या म्हणून हाक मार. तो तोंडावर पुन्हा पंचा ओढून उठून गेला.

अजून आलेला नाही. त्या घरचं लग्न बहुधा होऊनही गेलं असेल. नाही आला तर नाही. तुम्ही तरुण आहात, रागावता, रागवा, छापा, मोठं आयुष्य मिळो तुम्हाला आणि तुमच्या बायकोलाही, तिला कुंचला धरायचा असला तर धरू द्या. आणि ठाण्याला परत जाताना दामूचं घर वाटेत लागतं, त्याला एवढं सांगा की काकूने विचारलंय. म्हणावं, नजर आहे तोवर मी येईन. यायचं तर उजेडीच येईन.