कोश्याचा डावा पाय

—ती पेन ठिवा की खाली, डाक्टरसाब. डावा लिहायलाव व्हय? आदुगरच्या साहेबानं वहीत डावा लिहिलाय म्हणून? मला वाचाया येत न्हाय, पर तुमी पान उलटलं, मान हालवली आन् लिहाया लागलाव — एवढं कळतंय. बैल हितं हुबा, आन् तुमी त्याचा पाय वहीत हुडकायलाव. थू.

व्हय, डाव्यावर डागाच्या तीन रेघा हायत्या. त्योच पाय चांगला हुता — ह्या उसाच्या गाडीतळावर समद्यात चांगला. आता चालवतो, बघा — चल कोश्या, चल बाबा — पाय बघू नका, मुंडी बघा. उजवा टेकला की मुंडी वर. बघितलं? दुखणं उजव्यात हाय, पुढच्या, खुरात. नाल ठोकताना खिळा आत गेलाय. वाका जरा, वास येतोय का न्हाय? तोंड कशाला फिरवताव, आठ दिस झालं मी हुंगतोय, भाकरी मोडली तरी त्योच वास.

मग डावा कसा डागला म्हणता? त्या साहेबाला खुर्चीतनं उठायचा लई कंटाळा. तीस बैलं तपासली, बसल्या जागी. आमी गाडीवान म्हणलं, ह्याच्या म्होरं बाज आणून हुबी केली तरी ह्यो तिचा पाय लिहील. मग कुणी तरी कोश्याच्या चांगल्या पायाला चिंधी बांधली. मस्करी. एका कप च्यावर पैज. कुणी म्हणजे — हुतं कुणी तरी. वाटलं, आता उठल, मग उठल, चालवून बघल, मग हसू समदे. त्यानं चिंधी बघितली, डावा लिहिला, सळई तापवाया लावली. बोलायचं न्हाय का? बोलायचंच हुतं की. पर हसू आवरंना, डाक्टरसाब. पैली रेघ वढली तवा बी हसत हुतो. मुंडी म्याच धरली हुती. बैल गुडघ्यावर आला तवा हसू थांबलं, तवर तिसरी झाली. आन् मग कोण सांगणार?

बैल जाईबाईचा. माझा चुलतभाऊ मेला, त्याची बायको, बेंबळीची. बहात्तर साली घरावरचं पाचट काढून ह्याला चारलं तिनं, स्वता उघड्याखाली निजली. तुमी निकामी लिहिलं की ह्यो गेला खाटकाच्या दाव्याला. ती त्या साहेबाला शिव्या घालती, आन् मला म्हणती, भावजी, तुमी हुताव म्हणून कोश्याला धरलं तरी. आन् मी हूं म्हणतो. आठ दिस हूं म्हणतोय. वास खुराचा हाय का माझाच, कळंना झालंय.

धरतो खूर. कापा. — अजून खोल, त्यो न्हाय लाथ मारत. — निघाला खिळा? दावा बरं. एवढूसा. पू वाहू द्या, हातावर आला तर आला. चालंल न्हवं ह्यो? महिनाभर जू न्हाय? बरं, तवर तिच्या गाडीला माझा बैल जुपतो.

आता लिहा, उजवा. चिंधीचं बी लिहा. कुणी तरी न्हाय — माझं नाव, लिंबाजी लिहा. तिला ठावं हाय का? न्हाय. ती बघा, गरम पाण्याचं घमेलं घिऊन यायलीय. तुमी जावा आता, डाक्टरसाब. घमेलं मी घेतो तिच्या हातातनं, आन् सांगतो. जावा म्हणलं न्हवं.