राणीसाहेबांचं खुराडं

आजी : तुमचा काटा बिघडलाय, नर्सबाई.

नर्सबाई : काटा ठीक आहे, आजी. आत्ताच तुमच्यासमोर दोन किलोचं वजन ठेवून दाखवलं ना?

आजी : मग चौदा महिन्यांचा माझा नातू तीन महिने आहे तिथंच कसा? रोज एक ताजं अंडं खातो तो!

नर्सबाई : जुलाब होतात?

आजी : दात येताना व्हायचेच. या तीन महिन्यांत झाले असतील सहा-सात वेळा.

नर्सबाई : तोंड उघड रे राजा... दात चारच आहेत, आजी.

आजी : बाकीचे वाटेत आहेत.

नर्सबाई : रांगतो कुठं?

आजी : घरभर, अंगणभर. राणीसाहेब पुढं, हा मागं.

नर्सबाई : राणीसाहेब कोण?

आजी : माझी कोंबडी. तिचंच तर अंडं!

नर्सबाई : आणि ती जाता जाता घाण करते, त्यात याचे हात. तेच हात तोंडात?

आजी : सारखे. पण रडत नाही हो, गुणाचा आहे.

नर्सबाई : अहो, ती घाण पोटात गेली की खाल्लेलं अंगी लागत नाही. कोंबडीला खुराड्यात ठेवा. याचे हात साबणानं धुवा, तुमचेही.

आजी : माझे कशाला? मी रांगते होय?

नर्सबाई : अंडं कोण उचलतं?

आजी : ...पण खुराड्यात? माझ्या उशाशी झोपते ती!

नर्सबाई : उशाशी?

आजी : पायाशी. कधी कधी.

नर्सबाई : सून काही बोलत नाही?

आजी : बोलते ना. या महिन्यात वजन वाढलं नाही, तर पोराला घेऊन माहेरी जाणार म्हणते. तिथं कोंबडी नाही म्हणे. बाई, हा गेला तर मी दिवसभर भिंतींशी बोलू?

नर्सबाई : मग ठरवा. खुराड्यात कोंबडी, नाहीतर माहेरी नातू.

(एक महिन्यानं. तोच काटा.)

आजी : थांबा, आधी हात धुते.

नर्सबाई : वजन त्याचं करायचंय, आजी!

आजी : सवय लागली. सुनेनं दारातच साबण टांगलाय. धुतल्याशिवाय पोराला हात लावू देत नाही.

नर्सबाई : बघा, साडेतीनशे ग्रॅम वाढलंय!

आजी : काटा बिघडला नाही ना?

नर्सबाई : नाही हो. रडताय कशाला?

आजी : साबण गेला डोळ्यात. सुनेची बॅग आजच माळ्यावर टाकायला सांगते.

नर्सबाई : आणि राणीसाहेब?

आजी : खुराड्यातूनही अंडं रोज देते. माझ्याशी मात्र अबोला धरलाय.