यजमान मरतात ते नाटक

थंडी पडायच्या आत आमच्या छोट्या शहरात हौशी नाटकांचा महोत्सव भरतो. तिकिटाच्या रांगेत माझ्यापुढे दोघी शेजारणी होत्या.

"यंदाही यजमान नाटकात आहेत ना?"

"आहेत. पहिल्याच अंकात मरतात, मग पडदा पडेपर्यंत पडून राहायचं."

"तालीम करावी लागत असेल."

"महिनाभर सोफ्यावर तेच चाललंय. भाजी आणा म्हटलं की म्हणतात, मी भूमिकेत आहे."

"मग पहिल्या रांगेत बसून बघा की."

"नको गं बाई, शेवटचीच बरी. गेल्या वर्षी पुढे बसले आणि ऐन रडारडीत मला खोकला आला."

"मग?"

"प्रेतानं डोळे उघडून विचारलं, औषध घेतलंस का?"

"अगंबाई. मग तुम्ही?"

"खरं तेच सांगितलं. विसरले होते."