तळ्यावर नेलेलं पाणी

आमच्या सिद्दूचं सांगतो. गडी जतचा, टँकरच्या पाण्यावर वाढलेला. मे महिन्यात हिमालयातल्या उंच तळ्यांवर जायचं ठरलं, तवा साताऱ्यात माझ्या घरी सॅक भरताना यानं पाण्याचा कॅनच काढला.

"तळ्यावर पाणी घिऊन जातोस व्हय रं?" मी लय हसलो.

"तळ्याचा काय भरवसा गड्या?"

शेवटच्या गावात त्यानं खरंच कॅन भरला आणि चढभर वाहिला. वर जाऊन बघतो तर तळं गोठून दगड झालेलं. बर्फ वितळवावं तर वाऱ्यात स्टोव्ह पेटेना. माझ्या घशाला कोरड पडलेली. सिद्दूनं कॅन उघडला आणि आधी मला पाजलं.

सकाळी वारा पडला, स्टोव्ह पेटला, तवा बर्फ वितळवून मी कॅन भरला. उतरताना तो मी माझ्या पाठीला बांधला.

सिद्दू म्हणला, "आता कशाला? खाली नदी हाय की."

"नदीचा काय भरवसा गड्या?"