लांबची टोकं

दवाखान्यात, तपासणीच्या खोलीबाहेर, भिंतीवर हृदयाचं चित्र. शेजारी रिकामी खुर्ची. साठीतल्या बाईच्या मांडीवर एकटीपुरती पाण्याची बाटली. पलीकडच्या खुर्चीवरचे आजोबा तिच्याकडे वळले.

"ताई, ते चित्र बघा. आम्ही जहाजावरून समुद्राचे प्रवाह मोजायचो, त्यांचा नकाशा हुबेहूब असाच."

"काहीतरीच, आजोबा!"

"अहो, ऊन पाणी लांब जातं, गार होऊन परततं. पृथ्वीचं रक्तच म्हणा ना."

"आणि नाही पोचलं तर?"

"लांबची टोकं गारठतात. माझे पाय बघा."

दारातून नर्स म्हणाली, "आजोबा, सोबतीला कोणी नसेल तर आज तपासणी नाही. मुलगा कुठंय?"

"गाडी लावतोय."

"अजून?"

आजोबांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

ती उठली. "मी आहे ना. बहीण त्यांची."

"मग मघाशी बोलला नाहीत?"

"अबोला होता आमचा."

सकाळी स्वतःच्या तपासणीसाठी आल्या आल्या तिनेही काउंटरवर सांगितलं होतं, भाऊ गाडी लावतोय.