भिंतीकडे तोंड करून

हॅलो? … कोण? … जरा मोठ्यानं बोल गं, इथे कम्प्युटरचा पंखा घरघरतोय.

… जनेल? कुठली जनेल? … अगंबाई, आपली जनेल. खेळातल्या टोळीची कॅप्टन. … तीन वर्षं तुझा आवाज ऐकतेय, पण फोनवर निराळाच वाटतो. … हो, हो, मी इर्माच. इर्मा कोस्केला. दुसरं कोण असणार या घरात?

… नाही, बिघडलं काही नाही. खेळ चालू आहे, पावणेदोन वाजता किल्ल्यात येऊन उभीसुद्धा राहिलेय. खिमा-बटाट्याची पास्टी ओव्हनमध्ये टाकलीय, अडीचला काढायची. … हो, माइक बंद आहे माझा, म्हणून तर तुला घरच्या फोनवर यावं लागलं ना. लढाई असली की मी ते बोलणं-ऐकणं सगळंच बंद ठेवते. … का म्हणजे? सांगते, पण आधी तू सांग. लढाईला दहा मिनिटं असताना कॅप्टननं फोन करावा, म्हणजे कुणीतरी गेलं तरी असणार, नाहीतर कुणाचं लग्न तरी ठरलं असणार.

… बरं.

… बरं. … ऐकतेय, बोल तू.

… ब्रेंटनं? व्हिडिओ? माझा?

… थांब, नीट सांग. काय दिसतं त्यात? … मी भिंतीकडे तोंड करून उभी. … पाऊण तास. … एकदाही वळले नाही, आणि माझ्या पाठीमागे सगळे कापले जातायत. … हो, मीच ती. व्हिडिओ खोटा नाही.

… झोपले होते? असं म्हणाला? … आणि? … म्हातारी खेळ चालू ठेवून स्वयंपाकघरात जाते. … उचलली जीभ, लावली टाळ्याला. ढाल घेऊन पहिल्या रांगेत उभा असतो तो, आणि तीन वर्षं जिवंत राहिलाय, तो काय हवेवर? त्याच्या जखमांवर मलम कोण टाकतं, विचार.

… मतं घेतली? कधी? … काल. टोळी चालवणाऱ्या तुम्ही पाचही जणांनी. … तूसुद्धा?

… हं.

… नाही गं, रागावले नाही. थांब, खुर्ची जरा पुढे ओढते.

… म्हणजे आता मी लढाईच्या यादीतून बाहेर पडायचं, आणि माझ्या जागी तो स्टुअर्ट. … ओरेगनचा ना, दातांचा डॉक्टर? … असेल त्याचा कम्प्युटर विमानासारखा, मी कुठे नाही म्हणतेय? … आणि बटण मीच दाबायचं? का, तुझ्यानं दाबवत नाही?

… बरं, बरं. तू पण काय करणार.

अगं ऐक ना. दाबते मी, पण दोन मिनिटं ऐकून घे. बटणावरच बोट आहे माझं.

हा कम्प्युटर माझ्या भाच्यानं कॉलेज सोडताना दिलेला. कॉलेज सोडून त्याला नऊ वर्षं झाली, आता दोन मुलं आहेत त्याला. मी एकटी असले की बरा चालतो. झाडं हलतात, नदी वाहते, बघत बसावंसं वाटतं. दहा माणसं आली की धापा टाकायला लागतो. आणि शनिवारी दोनशे माणसं एकमेकांच्या अंगावर आली, की चार. … चार फ्रेम गं. सेकंदाला चार चित्रं. आमच्या शाळेत मास्तर भिंतीवर स्लाइड दाखवायचे, त्यासुद्धा याच्याहून भरभर पुढे जायच्या. एका चित्रात तलवार वर गेलेली, पुढच्या चित्रात माणूस मेलेला. मधलं काही नाहीच.

… म्हणून भिंत. भिंतीकडे तोंड केलं की त्याला माणसं रंगवावीच लागत नाहीत, नुसते दगड. चाराचे पंचवीस होतात. … खरंच. आणि माइक बंद केला की वर आणखी पाच. मोजून घेतलेत मी.

… दिसायला कशाला हवं? डाव्या हाताला यादी असते की नाही? चाळीस नावं, आणि ज्याच्या त्याच्या जिवाच्या चाळीस हिरव्या पट्ट्या. कुणाची पट्टी उतरली की त्या नावावर मलम टाकायचं. माणूस हाकेच्या अंतरात असला की पोचतं ते, माझं तोंड कुठे का असेना. … अगं, मी नेगॉनीच्या शाळेत एकतीस वर्षं जेवण वाढलंय. अडीचशे पोरं, पंचवीस मिनिटं. पोरांची तोंडं बघत बसले असते तर निम्मी उपाशी वर्गात गेली असती. ताटं बघायची. रिकामं दिसलं की वाढलं.

… म्हणू दे ना. नाचता येईना अंगण वाकडं, असंच म्हणणार लोक. पण माझं अंगण खरंच वाकडं आहे, त्याला काय करू?

… आधी का नाही सांगितलं.

… हं. हेच विचारशील वाटलं होतं.

… फॉर्म. हो, आठवतोय. मोठ्या लढाईत किती फ्रेम मिळतात ते लिहायचं, आणि वीसच्या खाली असेल तर चाळिसांत जागा नाही. … हो, मी चाळीस लिहिलं होतं. … नाही, अगदी खोटं नाही गं. तो फॉर्म आला तेव्हा मंगळवारची सकाळ होती. खेळात मी कोबीच्या शेतात उभी होते, एकटी. कोपऱ्यातला आकडा बघितला, चाळीस होता, लिहून टाकला. आकडा लढाईच्या गर्दीत बघायचा असतो हे मला पहिल्या शनिवारी कळलं. … आणि मग गप्प बसले. हो. तिथे चुकलं माझं. झाकली मूठ म्हणून बसून राहिले.

… सांगू का, का ते? हसशील.

इथे वर मिशिगनमध्ये खिडकीच्या तळापर्यंत बर्फ आहे आत्ता. नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत माझ्या दारात दोघं येतात, पोस्टवाली आणि रस्त्यावरचा बर्फ लोटणारी गाडी. ती गाडी तर थांबतही नाही. लढाई संपली की तुम्ही किल्ल्यात शेकोटीपाशी बसता ना, तासभर? तेव्हा मी माइक लावते. कुणाच्या मुलीचा दात पडला, कुणाचं साहेबाशी वाजलं, प्रिसिलाची मांजर परत व्याली. त्या एका तासासाठी मी पाऊण तास भिंत बघते. यादीत नाव नसलं की शेकोटीपाशी जागा नाही, हा आपला नियम. … नाही, चुकीचा नाही तो. मी कुठे म्हणतेय चुकीचा आहे? नाहीतर कुणीही येऊन बसेल. पण मला एकटीला फार एकटं वाटतं गं इथे, म्हणून सांगितलं नाही. झालं. आता दाबते. स्टुअर्टला म्हणावं—

… काय? … शिंग? … हो, इथेही वाजलं आत्ता.

… अरेच्चा, दोन वाजले. दरवाजा बंद झाला वाटतं. … म्हणजे आता माणूस बदलता येत नाही ना? … मुद्दाम नाही केलं, शपथ. बोलण्याच्या नादात … बरं, ओरडू नकोस. आता आत आहेच तर काय करू, सांग.

… वळू? आत्ता? … कॅप्टन तू आहेस, म्हणत असशील तर वळते. मग मला बोल लावू नकोस. … थांब, फोन स्पीकरवर टाकते, दोन्ही हात लागतात. … येतंय ऐकू? … वळले.

… चार.

… तीन. … जनेल, समोर एक मोठा हिरवा डाग आहे, तो कोण? … झाड का. बरं. … टाकलंय मलम, बटण दाबलंय, पण ते … अजून तेच चित्र आहे. … अजून तेच.

… कोण मेला? … ब्रेंट.

… मी काय बोलू? तोच बोलत असेल तुझ्या कानात. काय म्हणतोय? … 'म्हातारी कुठे गेली.' आज तर चांगली त्याच्याकडे तोंड करून उभी आहे.

… वळू परत? … बरं झालं बाई. … अठ्ठावीस. तीस. हां, आता श्वास घेता येतो. उठवते त्याला. … उठला. डेलला टाकलं. … प्रिसिलाला टाकलं. … बघ, किती सोपं आहे.

… काय झालं? … कुठून? … शत्रूच्या तिन्ही टोळ्या एकदम? पाचशे? … हॅलो? जनेल, गप्प का झालीस? … तुझंही थांबलं? तुझं तर एकशे चाळीस असतं ना? … सात. … सगळ्यांचंच? … आणि बाहेर उभा आहे त्या स्टुअर्टचं विमान? … तेही उतरलं. हं.

… माझं? एकोणतीस. … अगं, दगड तेवढेच आहेत ना. मागे पाचशे येवोत नाहीतर पाच हजार.

ऐक. ऐक ना माझं. घाबरून जाऊ नकोस. चित्र अडकलंय, पण यादी हलतेय की नाही? … मग चित्र सोड. तुझ्या माइकवर सांग, आपण मलमवाले जे आठ जण आहोत, त्यांनी सगळ्यांनी भिंतीकडे तोंड करायचं. … हसू देत. हसून झाल्यावर वळतील. … मागून वार होतील, होऊ देत. तोंड करून उभं राहिलं तरी होतातच.

… वळले किती? … तिघं. … पाच. बरं. आता ताटं वाटून घेऊ, नाहीतर सगळे एकालाच वाढत बसतील. पहिली दहा नावं माझी. पुढची दहा प्रिसिलाची. खालची तू लाव कुणालातरी. … ब्रेंट माझ्याकडेच असू दे, त्याची भूक मला ठाऊक आहे. … आणि पट्टी अर्धी झाली की टाका म्हणावं. पार तळाला जाईपर्यंत वाट बघू नका.

… डेल. टाकलं. … ब्रेंट. टाकलं. … ब्रेंट. … ब्रेंट, बाबा, किती खाशील? टाकलं.

… किती झाली? पस्तीस मिनिटं? मला वाटलं पाचच. … डेल. टाकलं. … प्रिसिलाच्या यादीत वरून तिसरं, बघ, लाल होतंय. … हां. वाचला.

… वास कसला येतोय?

… अगं, पास्टी. अडीच कधीच होऊन गेले. … जळू दे. … नाही, उठत नाही मी. म्हणे म्हातारी स्वयंपाकघरात जाते. … ब्रेंट. टाकलं.

… तो धुराचा गजर आहे आमचा, तू लक्ष देऊ नकोस. किती राहिली? … दोन मिनिटं. … टाकलं. … टाकलं. … काय? मोठ्यानं बोल, गजर वाजतोय. … दरवाज्यात कोण आहे, मला कसं दिसणार? ब्रेंट आहे ना दरवाज्यात? मग आहे तो उभा. मी आहे ना. … टाकलं. … टाकलं.

… शिंग.

… वाजलं ना? … किल्ला? … राहिला.

… राहिला का खरंच. … थांब, ओव्हन बंद करून येते. ठेवू नकोस फोन.

… हं, आले. खिडकी उघडलीय, गारठा आत आला सगळा. पास्टीची एक बाजू कोळसा झालीय, दुसरी खाता येईल.

आता ते फॉर्मचं सांगते. माझा चाळीस खोड आणि चार लिही. … नियम वीसचा आहे, माहितीये मला. मग तुम्ही पाच जण काय ते ठरवा, मी तक्रार करणार नाही. पण आकडा खरा लिही. त्या चाळिसाचं फार ओझं झालं होतं मला. … कोण? ब्रेंट? … काय विचारतोय? … कुठली भिंत चांगली.

… उत्तरेकडची म्हणावं. तिच्यावर वेलसुद्धा नाहीत.

… नवा रकाना? फॉर्मवर? … भिंतीकडे तोंड करून किती फ्रेम मिळतात. … लिही मग तिथे, तीस. माइक बंद ठेवून, तेही लिही. … आणि वीसचा नियम त्या रकान्याला? … बरं. … बरं. मग बसते मी यादीत.

… माझ्या मागे? कोण आहे माझ्या मागे? … सगळे? … अगं, वळले तर अडकेल ना सगळं. एवढी माणसं इतक्या जवळ. … बरं, वळते.

… अडकलं.

… नाही, चारही नाहीत. एकच चित्र. … हलत नाहीये काहीच. … थांब, थांब, कुणाला बाजूला जायला सांगू नकोस. दिसतायत गं. सगळ्यांनी हात वर केलेत. पुढे तो कोंबड्यासारखा लाल तुरा, तो ब्रेंट का? … असा दिसतो होय. तीन वर्षं त्याची नुसती पट्टी बघितली. … आणि निळ्या झग्यातली तू. … डेल बुटका आहे की. मला वाटायचं उंच असेल.

… हो, रडतेय थोडी. धूरही आहे घरात.

… बरं, ठेवते आता फोन. माइक लावायचाय. … हो, माइक लावला की आणखी अडकेल, माहितीये. अडकू दे. शेकोटीपाशी माझी जागा धरून ठेव. ठेवते.